न आलेले तेवीस पाहुणे

मला एक खोड आहे, आधीच सांगून टाकते. कुठलाही आकडा दिसला की तो कुठून आला आणि कुठं चालला हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. लहानपणी वडील म्हणायचे, "मंजे, तुझं नाक लई लांब हाय, एखाद दिवशी दारात सापडंल." आता मी बेचाळीस वर्षांची आहे आणि नाक आहे तेवढंच आहे.

मी मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या नूर लॉजची मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय, सकाळी दहा ते संध्याकाळी सात काउंटरवर बसणारी बाई. खोल्या चौदा. पाहुणे सगळ्या तऱ्हेचे: खंडपीठात तारखेला आलेले, घाटी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले, वेरूळ-अजिंठा बघायला निघालेले. मालकीण जोहराआपा. त्यांच्या नवऱ्यानं चौऱ्याण्णव साली लॉज काढला, आणि पहिल्या दिवसापासून रात्रीच्या काउंटरवर शौकतभाई. मालकांचे दोस्त. वय सहासष्ट, दाढी पांढरी, आवाज असा की वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक जागं व्हावं. सकाळी मी पुंडलिकनगरहून पोचले की ते डबा उघडायचे. त्यांची सून नौशीन खिचडी आणि तिच्यावर घ्यायचा आंबट खट्टा फार सुरेख करते. त्यातलं अर्धं मला देऊन मग ते घरी जायचे. सात वर्षं हा क्रम कधी मोडला नाही.

आता ॲपचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमच्या खोलीचा भाव बाराशे. गिऱ्हाईक ॲपवर खोली बघतं तेव्हा भावाच्या खाली बारीक अक्षरात 'कर आणि शुल्क' असं एक गाठोडं दिसतं. मग लोक काउंटरवर येऊन माझ्यावर डाफरतात, "मॅडम, सरकारनं एवढा टॅक्स लावला का हो?" मी त्यांना ते गाठोडं सोडून दाखवते. सरकारचा जीएसटी पाच टक्के, म्हणजे साठ रुपये. बाकीचं ॲपचं शुल्क, ते त्यांनी फोनवरच कापून घेतलेलं. दोन्ही एकाच ओळीत बसवलं की सगळाच टॅक्स वाटतो आणि शिव्या सरकार खातं.

मग आमची पाळी. गिऱ्हाईक आम्हाला बाराशे साठ देतं. साठ सरकारचे, ते बाजूला. उरलेल्या बाराशेवर ॲप महिनाअखेरीला वीस टक्के कमिशन मागतं, दोनशे चाळीस. त्या कमिशनवर पुन्हा अठरा टक्के जीएसटी, त्रेचाळीस. राहिले नऊशे सतरा. पण सरकारचे साठ मोजायचे ते बाराशेवर, नऊशे सतरावर नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सीएला फोन करून कडाकडा भांडले. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, खोली बाराशेलाच विकली ना?" मला पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

बरं, म्हणावं ॲप नकोच, तर तीही सोय नाही. चौदातल्या आठ-नऊ खोल्या तेच भरतं. दारात आलेल्या माणसाला त्यांच्यापेक्षा कमी भाव सांगायचा नाही, अशी करारातच अट आहे. म्हणजे शिव्याही द्यायच्या आणि पदरही धरून ठेवायचा.

ॲपच्या टॅबवर रोज सकाळी कालच्या पाहुण्यांची यादी येते. प्रत्येक नावापुढं दोन बटणं: 'आला' आणि 'आला नाही'. 'आला' दाबलं की कमिशन लागतं, 'आला नाही' दाबलं की लागत नाही. आधी हे काम शौकतभाई करायचे. पण त्यांना टॅबची अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून गेले तीन महिने मी करत होते. रजिस्टर उघडायचं, तारीख काढायची, नाव दिसलं की एक बटण, नाही दिसलं की दुसरं. पाच मिनिटांचं काम.

एका सोमवारी सकाळी ॲपचा इथला माणूस आला. इंद्रजीत. गंगापूरकडचा, घरी ऊस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, वागायला एरवी गरीब. त्या दिवशी चहासुद्धा नको म्हणाला. शौकतभाई नुकतेच डबा सोडत होते. जोहराआपाही योगायोगानं खालीच होत्या.

"आपा, तीन महिन्यांत तुमच्याकडं तेवीस जण 'आले नाहीत'," तो म्हणाला. "एवढे कुठंच नसतात. कंपनीनं त्यातल्या काहींना मेसेज टाकला, का आला नाहीत म्हणून. पाच जणांची उत्तरं आली. म्हणतात, आम्ही राहिलो की. खोली स्वच्छ होती."

"म्हणजे?" आपांनी विचारलं.

"म्हणजे पाहुणा आला, राहिला, रोख पैसे देऊन गेला, आणि आम्हाला सांगितलं की आलाच नाही. कमिशन बुडवायला काही लॉजवाले असं करतात." हे सांगताना तो सारखा टेबलाकडं बघत होता. "कंपनीनं आज सकाळपासून नूर लॉज ॲपवरून बंद केलाय."

आपांनी रजिस्टर ओढलं. इंद्रजीतनं पाच नावं आणि पाच तारखा वाचल्या. आपांनी एकेक तारीख काढली. आमचं रजिस्टर रुंद आहे, डावं-उजवं पान मिळून एक दिवस. पाचही दिवस वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. एकही नाव नव्हतं.

ॲपला नाही सांगितलं, ही एक गोष्ट. पण रजिस्टरमध्येच नाही म्हणजे पैसे गल्ल्यात नाहीत, आणि गल्ल्यात नाहीत म्हणजे सरकारचे साठसुद्धा भरलेले नाहीत. आपांच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या टॅक्सवाले दारात आले तर कागदावर नाव त्यांचंच.

"भाई," त्या शौकतभाईंना म्हणाल्या, "ये लोग आए थे के नहीं?"

"आए होंगे तो लिखा होगा."

"नहीं लिखा. फिर पैसे किधर गए?"

शौकतभाईंनी आपांकडं बघितलं. रजिस्टरकडं बघितलंसुद्धा नाही. "एकतीस बरस," ते म्हणाले, "एकतीस बरस में पहिल्यांदा विचारलं तुमी मला हे." मग खिशातला चाव्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि पायऱ्या उतरून गेले.

मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते. चाव्यांचा जुडगा मीच उचलून खणात ठेवला.

इंद्रजीतनं जाताना उपाय सांगितला. रात्रीच्या काउंटरवर कंपनीचा माणूस बसवायचा, कॅमेरा लावायचा, सगळं बुकिंग ॲपवरूनच घ्यायचं. शनिवारपर्यंत सही करा, म्हणाला, म्हणजे पुन्हा चालू होईल. जुन्या माणसाला मात्र काढावंच लागेल. आपांनी तोपर्यंत रात्रीसाठी पुतण्याला बोलावलं.

खरं सांगते, त्या सोमवारी आणि मंगळवारी माझ्या डोक्यात नको ते हिशोब झाले. शौकतभाईंच्या मुलाचं, बासितचं, मोबाइलचं दुकान दिवाळीत बसलं होतं. घरात तान्हं मूल. मी म्हटलं, माणूस आहे, पाय घसरला असेल. दोन दिवस मी हेच मनात घोळवलं आणि स्वतःला लई शहाणी समजले.

बुधवारी धोंडिबा आला. धोंडिबा आमचा परीट, चादरी-अभ्रे धुवायला नेतो. त्याची एक वही असते. त्यात तारीखवार किती चादरी नेल्या ते लिहून तो माझी सही घेतो, कारण मागं एकदा चार चादरी कमी भरल्या म्हणून आमचं कडाक्याचं वाजलं होतं.

त्यानं वही पुढं केली आणि माझ्या डोक्यात खट्कन काहीतरी झालं. म्हटलं, थांब जरा. पाहुणा रजिस्टरमध्ये लिहिला नाही तरी चादरीवर तर झोपला असेल ना? चोरून ठेवलेल्या पाहुण्याची चादर काय हवेत धुतात?

"धोंडिबा, ही वही आजच्या दिवस ठेव माझ्याकडं."

"का वो ताई? पुन्यांदा भांडन काढता का?"

"तुझ्याशी नाही. जा तू."

मी दारात पाटी लावली, 'जेवण चालू आहे', आणि बसले. खोलीला दोन चादरी, दोन अभ्रे. रजिस्टरमध्ये त्या दिवशी किती खोल्या, धोंडिबाकडं किती चादरी. तीन महिने, दिवसामागून दिवस. मला वाटलं होतं तेवीस खोल्यांच्या शेहेचाळीस चादरी जास्तीच्या निघतील. एकही निघाली नाही. मागं-पुढं धरून सगळं तंतोतंत. म्हणजे रजिस्टरमध्ये नाही असा एकही माणूस आमच्या चादरीवर झोपलेला नव्हता.

आता बघा गंमत. पाहुणे म्हणतात आम्ही राहिलो. चादरी म्हणतात लिहिल्याशिवाय कोणी राहिलंच नाही. दोन्ही खरं कसं असणार? रात्री पोळ्या करताना मी लेकीला म्हटलं, "तनू, माणूस एका ठिकाणी राहिला आणि राहिला नाही, असं कधी होतं?" तनुजा बारावीला आहे. ती म्हणाली, "आई, पोळी करपतेय."

गुरुवारी सकाळी मी इंद्रजीतला फोन लावला. ॲप आम्हाला पाहुण्यांचे नंबर दाखवत नाही, थेट आमच्याशी बोलतील म्हणून भीती असते त्यांना. "मला त्या पाचांपैकी एकाचा नंबर दे," मी म्हटलं. "एकच."

"ताई, नियमात बसत नाही."

"एका म्हाताऱ्याला पुराव्याशिवाय चोर म्हणायचं नियमात बसतं का? देतोस का येऊ तुझ्या ऑफिसात?"

माझा आवाज त्याला माहीत आहे. दहा मिनिटांनी नंबर आला. अप्पाराव, मुक्काम सेनगाव, जिल्हा हिंगोली.

"हॅलो, नूर लॉजमधून बोलतेय. तुम्ही मागच्या महिन्यात चौदा तारखेला आमच्याकडं उतरला होतात का?"

"उतरलो ना. का वो, काई राह्यलं का माझं तिथं?"

"तसं नाही. आमच्या यादीत तुम्ही आलाच नाहीत असं आहे."

"आलोच नाय?" अप्पाराव एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मी फोन कानापासून लांब धरला. "मंग खंडपीठात कोन उभं राह्यलं व्हतं, माझं भूत? वकील तर माझ्याकडूनच पैसे घेऊन गेला!"

"चिडू नका काका. कधी पोचलात तेवढं सांगा."

"आमची गाडी साडेचारला आली. अंधारच व्हता. तुमच्या त्या दाढीवाल्या बाबानं आधी च्या पाजला, मंग वहीत सही घेतली. मला दिसंना तर बोट ठेवून म्हनला, इथं करा."

"सही घेतली?"

"मंग! फुकट झोपू देता व्हय तुमी?"

मी फोन ठेवला. सही घेतली म्हणजे वहीत आहे. वहीत आहे म्हणजे आम्हालाच दिसत नाही. चौदा तारखेचं पान मी पुन्हा वाचलं, नव्हतं. पंधराचं वाचलं, नव्हतं. मग मागं गेले, तेरा तारखेवर. अगदी खाली, शेवटची ओळ. अप्पाराव, सेनगाव, येण्याचं कारण कोर्ट, वेळ पहाटे ४:४०, बाराशे साठ रोख, आणि पुढं त्यांची वाकडी सही.

मला हसूच आलं.

शौकतभाईंची एक पद्धत होती, मी कधीतरी ऐकलेली आणि साफ विसरलेली. एक रात, एक पान. पूर्वी रोज सकाळी रात्रभरात उतरलेल्यांची यादी पोलीस ठाण्यात न्यावी लागायची, तेव्हा मालकांनीच घालून दिलेली. रात्री किती का वाजता माणूस येईना, तो त्याच रात्रीच्या पानावर. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की लाल पेनानं नवी तारीख टाकायची आणि मग नवा दिवस. ठाण्यात यादी न्यायचं कधीच बंद झालं, पण त्यांचा हात तसाच चालत राहिला. लॉजचं कुणाचं काही बिघडलंही नाही, कारण आमच्याकडं भाडं तारखेवर नसतंच. आलेल्या वेळेपासून चोवीस तास, हा जुन्या लॉजचा रिवाज. तारीख कुठल्या पानावर पडली याचं ना गिऱ्हाइकाला काही, ना आम्हाला.

ॲपचा दिवस मात्र रात्री बारा वाजता बदलतो. त्याच्या लेखी अप्पाराव चौदा तारखेचे. आमच्या लेखी तेराचे.

मी बाकीची नावं शोधली. सगळे हिंगोली, वाशिम, नांदेडकडून पहाटेच्या गाड्यांनी आलेले. सगळे आदल्या दिवसाच्या पानावर शेवटी. तेवीसच्या तेवीस. पैसे त्या त्या दिवसाच्या बेरजेत धरलेले. बेरजेवरचा पाच टक्के टॅक्ससुद्धा वेळेवर भरलेला. सरकारचा एक रुपया बुडाला नव्हता. बुडालं होतं ते फक्त ॲपचं कमिशन.

एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी उठून आपांना हाक मारायला जिन्यापर्यंत गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबले.

शौकतभाईंनी लिहिलं होतं. धोंडिबानं चादरी मोजल्या होत्या. सीएनं टॅक्स भरला होता. मग 'आला नाही' असं म्हटलं कोणी? शौकतभाई बटण दाबायचे तेव्हा असला घोळ कधी झाला नव्हता, कारण पाहुणा त्यांनी डोळ्यांनी बघितलेला असायचा. मी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. मी दहाला यायची, तोवर कोर्टाचे लोक आंघोळ करून गेलेले. मी फक्त तारखेचं पान बघितलं आणि तेवीस वेळा बोटानं सांगितलं, आला नाही, आला नाही, आला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर नव्हताच, आणि फाशीचा दोर मी वळला होता.

मी जिन्यावर बसून राहिले. वाटलं, सांगावं की ॲपच्या तारखेचा घोळ आहे. खोटंही नव्हतं ते अगदी. ॲपच्या टॅबवर कोण बोट ठेवतं हे आपा कशाला विचारतील? नवरा गेल्यापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर आहे, पुढल्या वर्षी तनूच्या कॉलेजची फी आहे. असले विचार आले. आले ते आले, लपवत नाही.

शुक्रवारी सकाळी मी इंद्रजीतला बोलावलं, आपांना खाली बोलावलं, रजिस्टर उघडलं आणि सगळं सांगितलं. चादरी, अप्पाराव, आदल्या दिवसाची पानं. आणि शेवटी, "बटण माझं होतं. शौकतभाईंची काही चूक नाही."

इंद्रजीतनं स्वतः तेवीसही नावं ताडून बघितली. त्याला किती हायसं वाटलं ते दिसतच होतं. "कमिशन आणि त्यावरचा जीएसटी भरा, साडेसहा हजारांच्या आसपास होईल," तो म्हणाला. "मी कंपनीला लिहितो. दोन दिवसांत लॉज परत दिसेल. कंपनीचा माणूस बसवायची गरज नाही."

"माझ्या पगारातून कापा आपा," मी म्हटलं.

आपांनी अप्पारावांच्या ओळीवर बोट ठेवलं होतं. मग उठल्या. "पगार रहने दे तेरा. चावियाँ ले. रोशन गेट जाना है."

शौकतभाईंचं घर रोशन गेटच्या आतल्या गल्लीत. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. नौशीननं खुर्च्या आणल्या. आपा खुर्चीवर बसल्याच नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाई, मुआफ करो. मेरे से बहोत बडी गलती हुई," आणि रडायला लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा आपांना रडताना बघितलं.

"बैठो भाभी," शौकतभाई म्हणाले. "तुमी मालकीण. कागदावर दिसलं ते तुमी विचारलं. तुमाला टॅक्सवाल्याला तोंड द्यावं लागतं, मला नाय. मी पन तापट, वही बघायची सोडून निघून आलो. हो गया." त्यांनी चाव्यांकडं बघितलं. हात पुढं केला नाही, पण बघितलं.

मग मी माझं सांगितलं. तारखा, पानं, बटण. ऐकता ऐकता ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. "तेवीस मानसं गायब केली तू! अगं पहाटेच्या गाडीचं मानूस आदल्या पानावर असतं, मला एकदा विचारायचं ना बेटी."

"विचारायला पाहिजे होतं."

"तू तर धोब्याच्या चादरीला पन प्रश्न विचारती. मला नाय विचारलं."

"चुकले, शौकतभाई."

"बटनाचं काय नाय गं," ते म्हणाले. हसू अजून तोंडावरच होतं. मग ते हळूहळू गेलं. हातातली शेंग त्यांनी तशीच ठेवली. "एक सांग. आपानं विचारलं तवा तू तिथंच हुबी व्हतीस. तुला पन वाटलं व्हतं का, मी पैसे घेतले?"

नौशीन चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. आपा माझ्याकडं बघत होत्या. चाव्या माझ्या मुठीत होत्या. नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी रोज सकाळी पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही हे त्यात रोज येतं, आणि रोज दुपारपर्यंत गिऱ्हाइकाशी दोन-चारदा खोटं बोलूनही झालेलं असतं. पण या माणसाशी जमेना.

"व्हय," मी म्हटलं. "दोन दिवस."

ते वाटाण्यांकडं बघत राहिले. "दोन दिवस," म्हणाले. "एकतीस वर्सांत दोन दिवस म्हंजे काय, लई नाय."

"शौकतभाई..."

"नाय, रागवलो नाय मी. खरी बोललीस. नाव पन साफ केलं तूच, अल्लाह तुला खुश रखे." मग ते आपांकडं वळले. "भाभी, मैं अब नहीं आता. कुनी दुसरा बघा."

"अब क्यों?" आपा म्हणाल्या. "सब हो गया ना साफ?"

"तुमी कागद बघून बोललात, ते मी विसरंन. ही सात वर्सं माझ्या डब्यातलं जेवली. रोज सकाळी हिचं तोंड बघायचं, आन् रोज वाटायचं, त्या दोन दिवसांत ही काय काय बोलली आसंल मनात. नक्को. इस उमर में नक्को." आणि मला म्हणाले, "बस की तू. चहा पिऊन जा."

मी बसले. चहा प्यायले. नौशीननं खारी दिली, तीही खाल्ली. बासितच्या बाळाला मांडीवर घेतलं. कोणी काही वाईट बोललं नाही. निघताना शौकतभाई दारापर्यंत आले आणि तनूच्या परीक्षेची चौकशी केली.

परतताना रिक्षात आपा माझ्या शेजारी बसल्या होत्या. चाव्या अजून माझ्याच हातात होत्या. बाबा पेट्रोल पंपाचा चौक आला.

"मंजुषा," आपा म्हणाल्या, "तू नहीं बोलती तो वो आता था ना?"

"व्हय," मी म्हटलं. "आले असते."